रक्तातला शिलेदार

प्रत्येक मित्रमंडळात एक जण असा असतो, की त्याला काही शिकावं लागत नाही. सगळं त्याच्या रक्तातच असतं. आमच्याकडे हे खातं सरदार सांभाळतो. हे त्याचं टोपणनाव, त्यानेच ठेवलेलं. एका सहकारी बँकेत तो कर्जवसुली बघतो आणि वसुलीसुद्धा रक्तातच आहे असं सांगतो. त्याचे खापरपणजोबा शिलेदार होते. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. हा फरक त्याने आमच्या सोसायटीच्या वॉचमनलाही समजावून दिला आहे. स्वतः तो तीस वर्षं स्कूटर चालवतोय. ती मात्र बँकेच्या कर्जावर घेतलेली, म्हणजे काटेकोर बघितलं तर बारगिरीच.

शेखावाटीत घोड्यावरून भटकायचं आणि रात्री तंबूत राहायचं असं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी होकार त्याचा आला. नवलगढ-मंडावाचा तो मुलूख. सावकारांच्या रंगवलेल्या हवेल्या, वाळूच्या वाटा, मधूनच खेजडीचं झाड, थंडीत मोहरीची पिवळी शेतं. दिवसाला पंचवीसेक किलोमीटर रपेट करायची, सामान जीपमधून पुढे जातं आणि आपण पोचायच्या आत तंबू उभे असतात. गरम पाण्याची बादलीसुद्धा तयार. "ही मोहीम नव्हे, वरात आहे," सरदार म्हणाला आणि पैसे भरले.

निघण्यापूर्वी त्याने जोधपुरी ब्रीचेस घेतली. सर प्रतापसिंग १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाला हा पोशाख घेऊन विलायतेत गेले आणि साहेब त्यावर लट्टू झाला, ही हकिगत जयपूर येईपर्यंत आम्हाला पाठ झाली होती. विजार शिवलेली होती प्रतापसिंगांच्या बेताची. सरदार उभा असला की रुबाबदार दिसायचा. वाकायची वेळ आली की आम्हाला हाक मारायचा.

तिथले यजमान ठाकूरसाहेब म्हणजे मिशीतून जेवढं ऐकू येईल तेवढंच बोलणारे गृहस्थ. सरदाराने पहिल्याच संध्याकाळी त्यांना आपली ओळख दिली. "हमारे पूर्वज इधर आ चुके हैं. चौथ वसूल करने." ठाकूरसाहेबांनी हात जोडले. "पधारो हुकम. इस बार एडवांस हमने ले लिया है."

सकाळी घोड्यांचं वाटप झालं. मारवाडी घोडा एकदा बघावाच. दोन्ही कान आतल्या बाजूला वळून टोकाला टोक लावतात, आणि हे कान अर्ध्या वर्तुळात फिरतात. सईस माणसं जोखून घोडी देत होता. एका डॉक्टर मित्राला तरणाबांड काळा मिळाला आणि सरदाराला केसर नावाची पोक्त घोडी. तिच्या चेहऱ्यावर पेन्शनला आलेल्या हेडबाईंचा भाव होता. सरदार बोलू लागला की ती कान मागे पाडायची. "बघा, ऐकतेय," तो म्हणायचा. घोड्याने कान मागे पाडले म्हणजे तो वैतागलाय, हे आम्ही त्याला सांगितलं नाही. एवढ्यासाठी कुणाचं मन मोडावं?

हेल्मेट घालायला तो तयार नव्हता. शिलेदाराच्या डोक्याला फेटाच शोभतो. ठाकूरसाहेबांनी तेवढ्या एका बाबतीत आवाज चढवला. मग तह झाला: आत हेल्मेट, वरून फेटा. हे प्रकरण एवढं वाढलं की रात्री तंबूच्या दारातून डोकं आत जाईना.

आता तंगाची गोष्ट. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. सईस कसायला आला तर सरदाराने त्याला थांबवलं, स्वतः तंग ओढला, त्यात दोन बोटं घालून पाहिली आणि "चोख" असा निर्वाळा दिला. केसरने त्याआधीच छाती भरून श्वास घेतला होता. तंग कसताना फुगून राहायचं आणि नंतर निवांत सैल व्हायचं, ही मुरलेल्या घोड्यांची जुनी चलाखी आहे. म्हणून जाणकार चार पावलं चालवून तंग पुन्हा आवळतात. सरदाराच्या रक्तात नेमकं हे कलम नव्हतं.

वाटेला लागताच त्याने पाटणची लढाई काढली. १७९० साली महादजी शिंद्यांच्या फौजेने इस्माइल बेग आणि जयपूर-जोधपूरवाल्यांना पाणी पाजलं ती. मी मागेच होतो, त्यामुळे मला सगळं नीट दिसत होतं. फौजा समोरासमोर आल्या तेव्हा सरदार जरासा डावीकडे कलला होता. तोफा सुरू झाल्या तेव्हा उजवी रिकीब वर आणि डावी खाली अशी स्थिती होती, पण हात तलवारीसारखा फिरतच होता. आमच्यातला इतिहासाचा प्राध्यापक म्हणाला, "पण ती लढाई मारली महादजींच्या युरोपीय सेनानीच्या, द ब्वाञच्या, कवायती पलटणींनी. पायदळ आणि तोफखाना." पायदळ हा शब्द सरदाराला सोसत नाही. तो ताडकन त्याच्याकडे वळला, खोगीर त्याच्याही पुढे वळलं, आणि आमचा शिलेदार अलगद पायदळात दाखल झाला. वाळू मऊ होती. केसर जागच्या जागी थांबली आणि खेजडीचा पाला खाऊ लागली. "घोड़ी पेट फुला लेती है साब," सईस म्हणाला. "माहीत आहे मला," सरदार खालून म्हणाला, मराठीत.

दुपारनंतर मोकळं माळरान लागलं. पुढचा घोडा दौडला की मागचे सगळे दौडतात. स्वाराचं मत कुणी विचारत नाही. केसरही सुटली. "हर हर महादेव!" अशी आरोळी आली. आधी आम्हाला वीरश्री वाटली. पण दौड थांबली तरी आरोळी थांबेना, तेव्हा तो खराखुरा धावा होता हे कळलं.

रात्री शेकोटीभोवती बाजरीची रोटी, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी. शेखावाटीतली थंडी हाडं गोठवते; फतेहपूरचा पारा काही वेळा शून्याखालीही जातो. आम्ही घोंगड्यांत गुरफटून बसलो, सरदार उभा. त्याला बसता येत नव्हतं. "बाजीराव घोड्यावरच कणसं चोळून खायचे, असं सांगतात," तो म्हणाला. "स्वाराने बसून जेवूच नये." मग उभ्यानेच चार रोट्या खाल्ल्या आणि आमच्या बैठकीत काय काय चुकतं ते एकेकाला समजावलं. खरं सांगायचं तर बरंचसं बरोबर होतं. उताराला मागे रेला, टाचा खाली ठेवा, लगाम ओढू नका. डॉक्टरने दुसऱ्या दिवशी तसं केलं आणि त्याचा काळा लोण्यासारखा चालला.

परत आल्यावर सरदाराने जाहीर केलं की भाड्याच्या घोड्यावर बसला हाच मूळ दोष. बारगिराची मांड कधी पक्की होत नाही. आता दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात जाऊन स्वतःचा घोडा घेणार. सोसायटीच्या सेक्रेटरींनी उपविधी उलटेपालटे करून पाहिले, त्यात घोडा नाही. त्यांच्या मते चार पाय म्हणजे पार्किंगला चारचाकीचं भाडं. सरदाराचं म्हणणं, घोड्यावर बसतात दोन्हीकडे पाय टाकून, तेव्हा दर दुचाकीचाच लागतो. घोड्याचा अजून पत्ता नाही, पण पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा मुद्दा सातवा आहे.