स्क्रीनशॉट नाना

प्रत्येक ऑफिसात एक नाना असतात. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेली, चष्मा कपाळावर, खिशाला दोन पेनं. एचआर पोर्टलवर रजा टाकली की नाना आधी स्क्रीनशॉट काढतात, मग प्रिंट, मग प्रिंटची झेरॉक्स. शेवटी साहेबांच्या केबिनमध्ये डोकावतात. "रजा टाकलीय, बघितलीत ना?"

"नाना, सिस्टीमवर येतं ते."

"येतं हो, पण कानावर घातलेलं बरं."

सकाळी हजेरीचं मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. नाना तो शर्टाला पुसतात, फुंकर घालतात, पुन्हा टेकवतात. "इतकी वर्षं मस्टरवर सही केली, मस्टरनं कधी 'आपण कोण?' विचारलं नाही!" मग हजेरी-दुरुस्तीचा अर्ज. कारणांच्या यादीत 'विसरलो', 'बाहेर ड्युटी', 'इतर'. 'अंगठा झिजला' हे कारण कुठंच नाही. नाना 'इतर' निवडतात आणि दिवसभर दुखावलेले राहतात.

पीएफचा विषय निघाला की मात्र खुलतात. 2014 साली पीएफचा यूएएन नंबर आला. ते 12 आकडे त्यांना बायकोच्या मोबाइल नंबरापेक्षा पक्के पाठ. नव्या पोरांना पकडून शिकवणी घेतात. "12 टक्के तुझे, 12 कंपनीचे. पण कंपनीच्या वाट्यातले 8.33 पेन्शनला, तेही 15,000च्या मर्यादेवर. म्हणजे किती? महिन्याला 1,250! पासबुक उघडतोस का कधी?" एखाद्याचं नाव आधारशी जुळेना, की नानांच्या ड्रॉवरमधून जॉइंट डिक्लरेशनचा कोरा नमुना निघालाच.

शिल्लक रजा मोबाइलवर दिसते, याचं त्यांना मनापासून कौतुक. पूर्वी तेवढ्यासाठी एस्टॅब्लिशमेंटच्या क्लार्कला चहा पाजावा लागे. पोर्टल चहा मागत नाही; पण रजा 'पेंडिंग' का, हेही सांगत नाही. चहा पिऊन क्लार्क निदान तेवढं सांगायचा.

वर्षाकाठी पोर्टलवर पाच चेहरे येतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. 'आपण कामात समाधानी आहात का?' नाव गुप्त राहील म्हणतात, पण आत जायला एम्प्लॉयी कोड लागतो! नाना दरवर्षी मधलाच चेहरा दाबतात. "1 दिला तर बोलावून घेतात, 5 दिले तर काम वाढवतात."

कंपन्यांनी चेहरे खुशाल लावावेत. फक्त रजा अडकली की फोन उचलणारा एक माणूसही ठेवावा. नाना 3 वरून 4 वर येतील. 5 मात्र विसरा.