रांजणात नाणं टाका

शुक्रवारी रात्री डोंबिवलीहून निघालेली व्हॅन शनिवारी पहाटे मुरबाडच्या पुढं कुठल्यातरी तळ्याकाठी उभी असते. मागचं दार उघडं, छोट्या शेगडीवर चहा, समोर सह्याद्रीची भिंत. जुनी विंगर किंवा ट्रॅव्हलर घ्यायची, आत बिछाना, बेसिन, पाण्याची टाकी बसवायची आणि मनात येईल तिथं मुक्काम ठोकायचा, हे वेड ठाणे-कल्याण पट्ट्यात आता चांगलंच रुजलंय. मला ते समजतं. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, रोज सकाळी फास्ट लोकलच्या दारात लोंबकळतात. त्यांना चांदण्या बघत झोपावंसं वाटणारच. खटकतो तो एकच शब्द, फुकट.

“कॅम्पसाइटला पैसे कशाला द्यायचे? मोकळी जागा आहे की!” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उलटं विचारतो: ठाणे जिल्ह्यात बिनमालकाची एक गुंठा जमीन दाखवा. माळ दिसतो ते गावाचं गायरान असतं. झाडी दिसते ती वनखात्याची. तळं दिसतं ते धरणाचं फुगलेलं पाणी, आणि त्याखाली कुणाचं तरी गाव गेलेलं असतं. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तानसा हे अभयारण्य आहे. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे आणि राखीव जंगलात शेकोटी पेटवणं १९२७ च्या वन कायद्यानं. “कोण बघतंय?” हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही.

गेल्या मे महिन्यात मुरबाड तालुक्यातल्या टोकावड्याच्या पुढं एका पाड्याजवळ थांबलो होतो. रस्त्याच्या कडेला एक सुबक व्हॅन होती, आणि तिच्या पोटातून निघालेली नळी खालच्या ओढ्यात सोडलेली. ओढा आटलेला, पण मधे वाळूत खणलेला डवरा होता. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई तिथं येऊन उभी राहिली. ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, “दादा, हितं नका ओतू. हे पानी आमी पितो.” व्हॅनवाल्यानं नळी काढली, माफीही मागितली. माणूस वाईट नव्हता. सांडपाणी कुठं ओतायचं, याचा विचार त्यानं घरून निघताना केलाच नव्हता.

तंबूवाला पाठीवर मावेल तेवढंच नेतो. व्हॅन मात्र चाकांवरचं घर आहे, आणि घराला मोरी लागते, संडास लागतो, कचऱ्याचा डबा लागतो. भांड्यांचं साबणाचं पाणी, केमिकल टॉयलेटमधलं निळं रसायन, डायपर, बाटल्या हे सगळं दोन दिवसांत साठतं आणि कुठंतरी रिकामं करावंच लागतं. पैसे घेणाऱ्या चांगल्या तळावर त्यासाठी शोषखड्डा असतो, संडास असतो, कचरा उचलणारा माणूस असतो. आपण पैसे देतो ते या माणसाचे आणि या खड्ड्याचे.

आणि ओढ्यात ओतलेलं सांडपाणी दूर कुठं जातं असं समजू नका. बदलापूरजवळचं बारवी धरण एमआयडीसीचं. डोंबिवलीचा एमआयडीसी निवासी भाग आणि आसपासची २७ गावं तेच पाणी पितात. मुंबई आणि ठाण्याची तहान शहापूर तालुक्यातलं भातसा भागवतं. त्याच शहापुरातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बाया रांगा लावतात. ज्यांनी धरणांसाठी जमीन दिली, ज्यांच्या वाट्याला टँकर आला, त्यांच्याच दारात आपण आपली मोरी रिकामी करायची, ही लाज वाटावी अशी गोष्ट आहे.

मुरबाडच्या वाटेवर पुढं नाणेघाट आहे. वैशाखऱ्याहून चढून गेलं की माथ्यावर दगडाचा प्रचंड रांजण दिसतो. सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे जाणारा माल याच घाटानं चढायचा, आणि व्यापारी या रांजणात जकात टाकायचे, असं परंपरा सांगते. शेजारीच कातळात खोदलेली लेणी आहे, तिच्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे आणि पाण्याची टाकीही जवळच आहेत. वाट होती, निवारा होता, पाणी होतं आणि त्याचे पैसे होते. कल्याणहून घाट चढणाऱ्याला मोल मोजण्याची सवय दोन हजार वर्षांपूर्वीपासून आहे.

परदेशात कुठंही फुकट मुक्काम करता येतो, असा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्यानं डोंगरदऱ्यांत तंबू ठोकायचा हक्क सगळ्यांना दिला, पण मोटारगाड्यांना त्यातून वगळलं. तिथल्या लॉक लोमंड तळ्याच्या काठी गर्दी आणि घाण इतकी वाढली की २०१७ पासून तिथं ठराविक पट्ट्यात मार्च ते सप्टेंबर परवाना घेऊनच मुक्काम करता येतो. मोकळीक जपायची म्हणून त्यांनी नियम केले.

पैसे घेणारी प्रत्येक जागा चांगली, असं मात्र मी म्हणणार नाही. रात्री दोनपर्यंत डीजे लावणारे, झाडांच्या बुंध्यांना दिवे गुंडाळणारे, शंभर माणसांमागे दोन संडास ठेवणारे तळही भरपूर आहेत. पैशाची पावती देतात, पण त्यातला रुपया गावात राहत नाही. असल्या जागी जाऊ नका. पाड्यातल्या शेतकऱ्याच्या खळ्यावर गाडी लावा, त्याच्या घरची भाकरी-पिठलं खा, पैसे त्याच्या हातात द्या. ग्रामपंचायत वाहनतळाचे पैसे घेत असेल तर घासाघीस न करता द्या.

सरकारकडेही मागणं आहे. महाराष्ट्रानं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, त्यात कॅरव्हॅन पार्कांची कल्पना आहे. कल्याण-नगर रस्त्यावर माझ्या नजरेला असा पार्क अजून पडलेला नाही. मुरबाडला एक, शहापूरला एक, इतकं तरी करा. वीज, पाणी, सांडपाण्याचा खड्डा, परवडेल असं भाडं आणि चालवायला गावातलाच बचत गट. त्यानंतरही कुणी ओढ्यात नळी सोडली, तर खुशाल दंड करा.

तोवर व्हॅनवाल्या मित्रांनो, तुम्हीच एवढं करा. निघण्याआधी मुक्कामाच्या गावात कुणाला तरी फोन करा आणि उजेड असताना पोचा. विचारल्याशिवाय गाडी लावू नका. सांडपाण्याची टाकी भरली तर झाकण घट्ट लावा, घरी परत या आणि ती आपल्या सोसायटीच्या गटारात रिकामी करा.