भंडाऱ्याचा दर्यावर्दी

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही, हे भूगोलाच्या पुस्तकाला मान्य आहे, जिल्हाधिकारी कार्यालयाला मान्य आहे, आणि समुद्र बघायचा म्हणून वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवरून विदर्भ एक्सप्रेसमध्ये चढणाऱ्या तमाम जनतेलाही मान्य आहे. मान्य नाही ते एकट्या कॅप्टनला.

कॅप्टन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव रेशन कार्डावर आहे आणि तिथेच असतं. फौजेत, जहाजावर किंवा गल्लीतल्या क्रिकेटच्या चमूत तो कधीच कॅप्टन नव्हता. तलावांच्या जिल्ह्यात जन्मून त्याला पोहता येत नाही. वयाची पन्नाशी ओलांडली आहे, राईस मिलमध्ये मुनीम आहे, आणि अंगाने इतका सडपातळ की गाडीवर त्याच्या मागे बसणाऱ्याला वाऱ्याचा एक झोतही चुकत नाही.

असा माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावी एक तरी असतो. जगात जे जे आहे ते ते आपल्याकडे आहेच, फक्त लोकांना दिसत नाही, अशी त्याची बालंबाल खात्री असते. तुम्ही काशीला जाऊन आल्याचं सांगा. कॅप्टन म्हणेल, पवनी काय वाईट आहे, विदर्भाची काशीच म्हणतात तिला. ताडोब्याचं नाव काढा. तो कोका आणि नागझिरा पुढे करील. नागझिरा 1 मे 1999 ला गोंदिया जिल्ह्यात गेलं, पण ते विभाजन कॅप्टनने अजून मंजूर केलेलं नाही. काश्मीरसाठी त्याच्याकडे जानेवारीतली लाखनी आहे, पहाटे सहाची. राहता राहिला समुद्र. तर तोही आहे.

समुद्राविषयीचं त्याचं पहिलं म्हणणं महामार्गावर उभं आहे. भंडाऱ्यातून जातो तो राष्ट्रीय महामार्ग 53. तो सुरू होतो सुरतेजवळच्या हजिऱ्याला आणि संपतो ओडिशातल्या पाराद्वीप बंदरात. म्हणजे एका टोकाला अरबी समुद्र, दुसऱ्या टोकाला बंगालचा उपसागर. "मंग आपला गाव कोठी झाला? दोन समुद्राच्या मंधात! मुंबईवाल्याजवळ एकच आहे." या हिशेबात मुनिमाची चूक काढता येत नाही.

दुसरं म्हणणं नदीचं. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यात उगम पावते, आपल्या जिल्ह्यातून जाते, खाली वर्धेला मिळून तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्रात. तेव्हा कारध्याच्या पुलाखालचं पाणी म्हणजे समुद्रच, फक्त अजून पोचायचा आहे. "आपून ॲडव्हान्समधी पाहून राह्यलो," असं तो म्हणतो.

तिसरं म्हणणं सर्वांत भक्कम, कारण ते सरकारी आहे. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्दच्या धरणाला सरकारने नावच दिलंय 'इंदिरा सागर'. "तलाव नाही लिवला, सागर लिवला. कागदावर! तुयाजवळ मुंबईच्या समुद्राचा सातबारा आहे का? नाही ना? मंग खरा समुद्र कोनता, तूच सांग."

तर डिसेंबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "उद्या समुद्रावर जाऊ. पाच म्हंजे पाच. मी हॉर्न नाही वाजवनार, लोक झोपले रायतात."

पाचला तो आला नाही. सहाला आला नाही. साडेसातला आला आणि हॉर्न वाजवला. गल्लीतली कुत्री, दोन शेजारी आणि माझी आई असे सगळे उठले. कॅप्टनचा पोशाख सांगितलाच पाहिजे. डोक्याला माकडटोपी, तीवरून मफलर, अंगात दोन स्वेटर, वर मुलाचं कॉलेजातलं जर्किन, पायात मोजे आणि मोज्यांवर चप्पल. हेल्मेट डाव्या कोपराला. "चढव ना डोक्यावर," मी म्हणालो. "अड्याळच्या अलीकडे चढवतो ना बे," तो म्हणाला. अड्याळला पोलीस ठाणं आहे.

मग त्याने जर्किनची चेन उघडून आतली खरी व्यवस्था दाखवली. छातीवर घडी केलेला पेपर. गाडीवरच्या वाऱ्याला यापरतं औषध नाही, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. कॅप्टनचं संशोधन त्याच्या पुढचं आहे. पुरवणी लावायची नाही, ती पातळ. मुख्य अंक लावायचा, आणि तोही निवडणुकीच्या दिवसांतला असेल तर उत्तम, कारण जाहिरातींमुळे पानं वाढतात. माझ्यासाठी त्याने मागच्या विधानसभेचा अंक जपून ठेवला होता. तो मी स्वेटरच्या आत सारला आणि एका उमेदवाराला छातीशी धरून आम्ही निघालो.

कारध्याच्या पुलावर धुकं इतकं दाट की नदी आहे हे केवळ विश्वासावर मानायचं. पुलापलीकडे पवनीच्या रस्त्याला लागलो. भंडाऱ्याहून पवनी पन्नास किलोमीटरही नाही. पण कॅप्टन गाडी पस्तिसाच्या वर नेत नाही. त्याचं कारण पेट्रोल नव्हे, संभाषण. बोलताना त्याला मागे वळून माझं तोंड बघावं लागतं, आणि माझं तोंड समोर रस्त्यावर वाळत घातलेल्या धानाकडे लागलेलं. डिसेंबर म्हणजे धानाचे दिवस. शेतात पुंजणे रचलेले, कुठे मळणीयंत्राचा धुरळा, कुठे तणसाने टम्म फुगलेली बैलगाडी अख्खा रस्ता अडवून चाललेली, बांधाला तुरी, आणि धान कापलेल्या ओल्या बांधीत लाखोळी हिरवी झालेली. हा सगळा देखावा मी प्राण मुठीत धरून पाहिला.

कॅप्टनच्या प्रवासाला 'बंदरं' लागतात. बंदर म्हणजे पानठेला. पहेल्याला पहिलं बंदर. गाडी स्टँडवर लागली की तो ठेल्यावाल्याला फक्त मान हलवतो. मग पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र होऊन खर्रा घोटला जातो. ते घोटणं चालू असताना कॅप्टन एक अक्षर बोलत नाही. दिवसभरात त्याची मौनाची एवढीच वेळ. खर्रा गालात गेला की भाषण पुन्हा सुरू होतं, पण आता निम्मे शब्द गालातच राहतात आणि मागे बसलेल्याने जरा उजवीकडे सरकून बसलेलं बरं. राज्यात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे. कॅप्टनला ती मनापासून मान्य आहे. गुटखा वाईटच, असं त्याने खर्रा चघळत मला समजावून सांगितलं.

पुढे धान खरेदी केंद्र दिसलं की गाडी आपोआप वळायची. ट्रॅक्टरांची रांग, कुडकुडत बसलेले शेतकरी, 'बारदाना आला का?' हा एकच प्रश्न. कॅप्टन प्रत्येक ठिकाणी उतरून मूठभर धान हातात घ्यायचा, दोन दाणे दाताखाली फोडायचा, "ओलावा आहे," म्हणायचा आणि पुन्हा गाडीवर बसायचा. कुणी त्याला विचारलेलं नसायचं. रविवार होता, पण मुनीम काही सुटीवर नव्हता.

कोंढ्याला तर्री-पोहे खाताना त्याने पवनीचा इतिहास काढला. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 मध्ये उत्खनन झालं आणि दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप सापडला, हे खरंच आहे. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्याने मिळून ते काम केलं होतं. इथवर इतिहास. यापुढे कॅप्टन. "दोन हजार वर्सापासून दुरून दुरून लोक येऊन राह्यले अती. समुद्र नसता तं कायले आले असते?" मी म्हणालो, अरे, तेव्हा धरण कुठं होतं? त्याने तर्री ओढून घेतली आणि माझ्याकडे दयेने पाहिलं.

धरणावर पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. आणि खरं सांगायचं तर, तिथे उभं राहिल्यावर कॅप्टनला हसणं अवघड जातं. पाणी नजर पोचते तिथवर आहे. पलीकडचा काठ धुक्यात नाहीसा झालेला. वारा सुटलेला, काठाला छोट्या छोट्या लाटा. राजीव गांधींनी 22 एप्रिल 1988 ला याची पायाभरणी केली, तेव्हा 372 कोटींत काम व्हायचं होतं. पुढे खर्च हजारो कोटींत गेला आणि मधे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जाही मिळाला. भिंत अकरा किलोमीटरहून लांब. "मरीन ड्राइव्ह चार किलोमीटर बी नाही," कॅप्टनने ताबडतोब हिशेब केला.

मी म्हणालो, भरती-ओहोटी कुठे आहे? तो या प्रश्नाची वाटच पाहत होता. "तेहतीस दारं आहेत. उघडले का ओहोटी, बंद केले का भरती. मुंबईवाल्याइले चंद्राच्या भरोशावर रहा लागते. आपल्याकडे इंजिनियर साहेब आहे."

बरं, पाणी तर गोड आहे. यावर त्याने जर्किनच्या खिशातून मिठाची पुडी काढली. मला वाटलं, आता हा पाण्यात टाकतो. पण काठावर एक बाई उकडलेले शिंगाडे विकत होती, त्यांच्यासाठी ती पुडी होती. काळे शिंगाडे दाताने फोडत, मीठ लावून खात आम्ही 'किनाऱ्यावर' बसलो. कॅप्टनने मोजे काढले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर घेतली, पाण्यात घोट्याइतका उतरला, "लय थंडा आहे बे!" म्हणून ओरडला आणि बाहेर आला. पोहायला न येणाऱ्या दर्यावर्दीला एवढा समुद्र पुरतो.

तेवढ्यात एक म्हातारा ढिवर डोंगा काठाला लावून जाळं सोडवू लागला. रोहू होते, थोडे झिंगे होते. कॅप्टनने भाव विचारला, घासाघीस केली आणि सवयीने त्यालाही सातबाऱ्याचा मुद्दा ऐकवला: कागदावर सागर लिहिलं आहे म्हणून हा समुद्र. म्हाताऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं. मग पाण्याच्या मधोमध हात केला. "तती आमचा गाव होता जी. कागद तं त्याचाबी आहे माज्याजवळ. पेटीत ठेवला आहे."

कॅप्टनने घासाघीस सोडली आणि मागितले तेवढे पैसे दिले. धरणासाठी उठलेल्या गावांच्या मोबदल्याची नि पुनर्वसनाची आंदोलनं भंडाऱ्याने वर्षानुवर्षं पाहिली आहेत. मोर्चा मिलवरून गेला की मुनीम दारात उभा राहून पाहत असे, हे मला माहीत आहे. परतीच्या रस्त्यावर तो पहिल्या पानठेल्यापर्यंत गप्प होता. या माणसाच्या मानाने ते फार मोठं अंतर झालं.

आता तुम्ही विचाराल की कॅप्टनने खरा समुद्र पाहिला आहे का. मीही विचारलं होतं. एकदा तो मुंबईला गेला होता, धानाच्या बोनसच्या मागणीसाठी, इतरांसोबत. दिवसभर आझाद मैदानात बसला, डबा खाल्ला, घोषणा दिल्या. तिथून समुद्र पायी पंधरा-वीस मिनिटं. बरोबरचे सगळे संध्याकाळी जाऊन, चणे खाऊन, पाय ओले करून आले. कॅप्टन सामान राखत बसला.

"काऊन नाही गेला?"

"पाहाचा काय आहे? पानी तं पानी."

"अरे, पण एवढा जवळ..."

"आनि समजा मोठा निंगाला असता, तं?" एवढं बोलून त्याने गाडीचा वेग एकदम चाळिसावर नेला. त्यानंतर तो विषय मी काढलेला नाही.

माझ्या मते कॅप्टन खोटारडा नाही आणि अडाणी तर मुळीच नाही. महामार्ग, नदीचा मार्ग, धरणाची दारं, यांतला एकही आकडा त्याने चुकीचा सांगितलेला नाही. चूक आहे ती शेवटच्या ओळीतल्या बेरजेत, आणि ती त्याने जाणूनबुजून केली आहे. मुनीम आहे तो.

डिसेंबर-जानेवारीत भंडाऱ्याकडे आलात आणि कारध्याच्या पुलावर एखादा माकडटोपीवाला गाडी थांबवून म्हणाला, समुद्रावर चाललो, येता का, तर खुशाल बसा. कानाला मफलर घ्या, पेपर जाडजूड निवडा आणि वाटेत मरीन ड्राइव्हचं नाव काढू नका. पेट्रोल निम्मं-निम्मं असतं. खर्रा ज्याचा त्याने घ्यायचा.