नऊनंतर जेवण मिळतं

जाहिरात-जनसंपर्काच्या मोठ्या एजन्सीत नोकरी लागली की घरची माणसं आधी पगार विचारतात, मग सुटायची वेळ. दोन्ही प्रश्न कोते. विचारायचं ते हे की, रात्री जेवण मिळतं का? मिळतं. नऊनंतरच मिळतं, म्हणून तर नऊपर्यंत थांबायला हुरूप येतो.

लोअर परळच्या आमच्या काचेच्या मजल्यावर बीन बॅग आहेत, फूसबॉलचं टेबल आहे, शुक्रवारी बिअर असते. फूसबॉल खेळताना कुणी दिसत नाही, पण त्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पिचचा डेक झकास तयार होतो. क्लायंटचा मेल सव्वासहाला येतो : बाकी सगळं छान, लोगो जरा मोठा करा, कल्पना तेवढी बदला, सकाळी बघू. इतका विश्वास सख्खे लोकही टाकत नाहीत.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिवसाला 9 तासांची मर्यादा घातली, जादा तासांना दुप्पट दर ठेवला. व्यवस्थापकीय पदांना मात्र त्यातून वगळलं. आमची एजन्सी मनाने एवढी मोठी, की कालच्या पोरालाही मॅनेजर करते. आणि मॅनेजरने तास मोजणं बरं दिसत नाही. रात्री साडेनऊनंतर थांबणाऱ्या बाईला दारापर्यंत गाडी द्यावी, हेही त्याच कायद्याचं सांगणं. आमच्याकडे ते सवलतींच्या यादीत छापलंय, फळांच्या टोपलीच्या वर. कायदा पाळणं ही केवढी भेट!

टोकियोत डेन्त्सू या जाहिरात एजन्सीने 2016 च्या ऑक्टोबरपासून रात्री 10 ला मुख्यालयाचे दिवे घालवायला सुरुवात केली. आदल्या डिसेंबरात तिथल्या 24 वर्षांच्या एका मुलीने जीव दिला होता. तिने महिन्याभरात शंभरावर तास जादा काम केल्याचं सरकारी तपासात निघालं. बेकायदा ओव्हरटाइमबद्दल न्यायालयाने 2017 मध्ये कंपनीला दंड ठोठावला, 5 लाख येन. आमच्या मजल्यावर माणसांवर असा अविश्वास कुणी दाखवत नाही. दिव्यांचं बटण कुठे आहे, हेच कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा ऑफर लेटर हातात पडलं की तराजू काढत बसू नका. एका पारड्यात विमा, कॅब, पिझ्झा, फळं, सगळं ठळक अक्षरांत दिलेलं आहे. दुसऱ्या पारड्यात काय, ते कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे ते रिकामंच असणार. सही करून टाका.