सीआयडी काका

वाशिम जिल्हा आणि टीव्हीवरची ‘सीआयडी’ मालिका, दोघांचा जन्म 1998 चा. त्याचाच गुण असावा. रिसोडपासून कारंज्यापर्यंत प्रत्येक चहाटपरीवर एक सीआयडी काका सापडतोच. खिशाला दोन पेनं, काखेत कालचा पेपर. एखादं तरणं पोर अचानक गेल्याची बातमी आली की काका चहा बशीत ओततात, फुंकर मारतात आणि म्हणतात, “पाय बावा, दिसते तेवढं हे सोपं नाही.”

मग तपास सुरू. पोराकडे दोन सिमकार्डं होती? “दुहेरी जिंदगी!” घरी क्लास सांगून पुण्यात नोकरी करत होतं? “तिथंच पाणी मुरते!” व्हिसेरा अमरावतीला गेलाय, अहवाल तर येऊ द्या, असं कुणी म्हटलं की काका उसळतात, “थो येईल तवा येईल. सीडीआर काढा म्हणा पयले!” काकांनी जन्मात सीडीआर पाहिलेला नाही. त्यांची स्वतःची दुहेरी जिंदगी मात्र उघड आहे: घरी बिनसाखरेचा चहा, टपरीवर दोन चमचे जास्त.

2021 चा फेब्रुवारी म्हणजे काकांची सुगी. पुण्यात एका तरुणीचा मृत्यू झाला. तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड यांचं नाव घेतलं गेलं, त्यांनी आरोप फेटाळले. 23 तारखेला ते आपल्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आले, कोरोनातही तोबा गर्दी झाली. 28 ला राजीनामा दिला. 2022 मध्ये ते पुन्हा मंत्रीही झाले, पण काकांची फाईल उघडीच. त्या पोरीच्या घरी चूल पेटली का, हे मात्र तेव्हा टपरीवर कुणीच विचारलं नाही.

तरी काकांना टाकून बोलवत नाही. अकस्मात मृत्यूच्या पंचनाम्याला किमान दोन पंच लागतात. कायद्यात हे कलम पूर्वी 174 होतं, 1 जुलै 2024 पासून 194 झालं. लोकांचं पळणं तेच राहिलं. हवालदार टपरीकडे वळला की कुणाला वावरातली मोटर आठवते, कुणाला सासुरवाडी. काका तेवढे उठतात, जाताना एकाला दंडाला धरून नेतात. तिथं एक शब्द जास्तीचा नाही. पंचनामा कान देऊन ऐकतात, अडेल तिथं पुन्हा वाचायला लावतात, सही करतात आणि दुसरं पेन त्या धरून आणलेल्या पंचापुढे करतात.

बाहेर बाप बसलेला असतो. विचारतो, “लोक काय काय म्हणतात हो?”

“लोकायले काय, धंदे नाहीत,” काका म्हणतात आणि त्याच्याजवळ बसून राहतात.

काकांच्या थिअऱ्यांवर खुशाल हसा. पण पुढच्या वेळी हवालदार पंच शोधत आला तर मागच्या बाजूनं सटकू नका. सह्या दोन लागतात, काका एकच आहेत.