रुमालाची टोपी

आमच्या नगरला पाऊस बेताचा आणि धूळ मुबलक. (आता अहिल्यानगर म्हणायचं, आत्याच्या तोंडात मात्र नगरच.) त्यामुळे घरातल्या हरेक वस्तूवर काहीतरी झाकलेलं हवं. आत्याकडे टीव्हीला, मिक्सरला, इतकंच काय रिमोटलाही क्रोशाचं कव्हर. जाळीतून धूळ आरामात आत जाते, हे मी एकदा बोलून दाखवलं. “जाऊ दे, दिसत तर नाही ना,” म्हणत तिनं पुढचा खांब (क्रोशातला उंच टाका) घातला.

याच आत्याकडे मी चाळिशीत क्रोशा शिकायला बसले. कापड बाजारातून हौसेनं बारीक सुई आणि 40 नंबरचा दोरा आणला. तिनं तो चष्मा वर करून पाहिला आणि कपाटात टाकला. “नंबर मोठा तितका दोरा बारीक. आधी जाड लोकर घे. आणि एका रंगाचे दोन गुंडे घेताना लॉट नंबर बघून घे, नाहीतर अर्धा रुमाल उन्हात वाळत घातल्यासारखा दिसेल.”

क्रोशे म्हणजे फ्रेंचमध्ये छोटा आकडा. मला वाटलं, सुईच्या टोकाचा. आत्याच्या हाताखाली कळलं, खरा आकडा मोजायचा असतो. गोल रुमालाच्या पहिल्या फेरीत 12 खांब, दुसरीत 24, तिसरीत 36. खांब कमी पडले की वाटी होते, जास्त झाले की झालर. मी चौथ्या फेरीत फोन घेतला आणि माझ्या रुमालाची टोपी झाली.

“उसव.”

दोन सुयांच्या विणकामात सुईवर टाक्यांची रांग असते. क्रोशात जिवंत टाका एकच; तो सोडून दोरा ओढला की चार संध्याकाळी अर्ध्या मिनिटात संपतात. उसवलेली लोकर वर कुरळी होऊन हसते. आत्यानं ती तांब्याभोवती गुंडाळली, पाणी शिंपडलं आणि रात्रभर ठेवली. सकाळी लोकर सरळ. मी नव्हते.

तिच्या बाकीच्या युक्त्याही अशाच बसल्या जागी मिळतात. सुई अडखळली की केसांतून एकदा फिरवायची. पहिली साखळी सैल घालायची, ती आवळली की अख्खं काम आक्रसतं. गाठ मारायची नाही, टोक आत ओवून घ्यायचं. सुती रुमाल धुतला की पातळ खळ द्यायची आणि गादीवर ताणून टाचण्या लावायच्या. मला सगळ्यात पटलं ते दुधाच्या भांड्यावरचं झाकण: कडेला मणी ओवलेले, त्यांच्या वजनानं पंख्याच्या वाऱ्यातही ते जागचं हलत नाही. रिमोटच्या कव्हराचं सगळं पाप त्या एका झाकणात फिटावं.

मोजणी चालू असताना मात्र आत्याशी बोलायचं नाही. शेजारच्या काकू एकदा दारातून म्हणाल्या, “विरजण आहे का हो?” आत्या म्हणाली, “सतरा.”

मी टोपी दोनदा उसवली. तिसऱ्यांदा पुन्हा टोपीच झाली, तेव्हा गुपचूप नाडी ओवून स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली. तीत लसूण छान राहतो, वारा लागतो. आत्याला ती फार आवडली. तशीच एक तिला हवी आहे. पण मुद्दाम करायला बसले की रुमाल होतो.