इश्श! मानकोलीला म्हणे गटार हवंय

कानावर आलं ते असं : भिवंडीजवळच्या मानकोली गावातल्या काही मंडळींनी म्हणे चारचौघांत गटार मागितलं. तेही ह्या काळात! शहरं अंगभर सेन्सर लेवून मिरवतायत आणि ह्यांना हवंय काय, तर गटार, ट्रक उभे करायला जागा आणि वेळेवर पोचणारा बंब. जनाची नाही तर मनाची?

शेजार तरी बघायचा. एका अंगाला ठाणे, दुसऱ्या अंगाला खाडीपलीकडे कल्याण-डोंबिवली. दोघांच्याही कपाळी 2016 मध्ये 'स्मार्ट सिटी'चा टिळा लागला. अशी शहरं देशात शंभर, महाराष्ट्रात आठ. ठाण्याने तर थेट तेल अवीवच्या धर्तीवर नागरिकांसाठी 'डिजी ठाणे' ॲप काढलं. भिवंडीचंही नाव त्या यादीत नाही, तिथे मानकोलीला कोण पुसतो?

पण आतली गोष्ट सांगू? स्मार्ट शहरातल्या वहिनींनी रात्री मोबाइलवर मागवलेला मिक्सर निघतो बहुधा ह्याच पट्ट्यातून : मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा. मुंबईची जकात टाळायला व्यापाऱ्यांनी माल नाक्याबाहेर उतरवला आणि भातशेतीवर गोदामांचे पत्रे चढले. 2017 मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. त्यांतली परवानगीची किती, हा प्रश्न सभ्य घरांत विचारत नाहीत.

आणि ह्या गावाला पालक किती, ते तर विचारूच नका! 2007 पासून भिवंडीभोवतालच्या गावांचं नियोजन एमएमआरडीए ह्या महानगर विकास प्राधिकरणाकडे. महामार्गाचं रुंदीकरण रस्ते विकास महामंडळाकडे. विजेचं बिल खासगी कंपनीचं, घरपट्टी ग्रामपंचायतीची. वरात निघाली की सगळे फेटे बांधून पुढे, मांडवात पाणी शिरलं की प्रत्येक जण म्हणतो, "ते आमच्याकडे येत नाही हो."

खाडीवरचा मोठागाव-मानकोली पूल सुरू झाला, तेव्हा डोंबिवलीकरांना कोण आनंद! ठाणं जवळ आलं, पुलावर रील्स झाल्या. पण ह्या टोकाला उतरलेल्या गाड्यांनी कंटेनरांच्या गर्दीतून पुढे जायचं कसं, असं पुटपुटणाऱ्याला लगेच विकासविरोधी ठरवलं. घरांच्या जाहिरातींत तर हा परिसर कधीच 'अप्पर ठाणे' झालाय. अप्पर म्हटल्यावर गटार कसं मागायचं?

असले आगाऊ लोक परदेशातही निघतात म्हणे. टोरँटोत 2017 मध्ये गूगलच्या भावंड कंपनीने तळ्याकाठी सेन्सरवाली वस्ती उभारायचा घाट घातला. रहिवाशांनी विचारलं, आमची माहिती गोळा करून ठेवणार कोण, वापरणार कोण? वाद काही मिटेना. 2020 मध्ये कंपनीने कोरोनाकाळातल्या आर्थिक अनिश्चिततेकडे बोट दाखवून गाशा गुंडाळला.

आपल्याकडे स्मार्ट सिटी अभियान 31 मार्च 2025 ला संपलं. कॅमेरे आणि नियंत्रण कक्ष मागे राहिले. पण त्यांनी काय होणार? एप्रिल 2023 मध्ये मानकोलीजवळ वळपाड्याला, खाली गोदाम आणि वर बिऱ्हाडं असलेली इमारत कोसळली, आठ जीव गेले. तिथे थट्टेला जागा नाही. इमारत पडल्यावर कॅमेरा चित्र दाखवील. पडण्याआधी तिची तपासणी करून 'इथे राहू नका' असं लिहून देणारा माणूस लागतो, आणि त्याने तसं केलं नाही तर त्याला जाब विचारणारा दुसरा.

तर मानकोलीकरांची पुढची मागणी ऐकाल तर कानांवर हात ठेवाल. प्रत्येक गोदामाच्या दारावर म्हणे परवानगीचा क्रमांक लावा आणि खाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव, चांगलं ठळक. ऐकलंत? आज नाव मागतायत, उद्या उत्तरं मागतील!